मदत साऱ्या घराची, मांडी आईची

घरात बाळ आले की कानात अजान दिली जाते, मिठाई वाटली जाते, अकीक्याच्या तारखेची चर्चा सुरू होते. पण बाळाची आई पायाने अधू असेल, तिचा एक हात चालत नसेल किंवा तिला दिसत नसेल, तर या आनंदात एक कुजबुज मिसळते: "हिला जमेल का?" बऱ्याच घरांत उत्तराची वाटही पाहिली जात नाही. बाळ दादीच्या किंवा फुफीच्या कुशीत जाते आणि आईकडे येते ते दुधापुरते. हे सारे प्रेमापोटीच होते. तरी चाळीस दिवस उलटल्यावर पाहावे, तर बाळ फुफीच्या आवाजाने शांत होते आणि आई आपल्याच घरात पाहुण्यासारखी बसलेली असते.

आमच्या वयाच्या पिढीत पोलिओने पाय गेलेल्या पुष्कळ बहिणी आहेत. भारतात वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्याआधी ज्या मुलींना हा आजार झाला, त्यांतल्या कितीतरी आज आई आहेत. अपघाताने किंवा जन्मतः अधूपण आलेल्या वेगळ्याच. म्हणजे हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातला, आपल्या नात्यातलाच आहे.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांना दिसत नव्हते. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीत ते अजान देत. बुखारी शरीफमध्ये येते की, पहाट झाली असे लोकांनी सांगितल्यावर ते फजरची अजान देत. या गोष्टीकडे नीट पाहा. पहाट पाहण्याचे काम दुसऱ्यांनी केले, पण दिसत नाही म्हणून अजान त्यांच्याकडून कुणी काढून घेतली नाही. मदत कुठपर्यंत करावी आणि कुठे थांबावी, हे यातून शिकता येते.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याच्या दोन वर्षांचा विषय आला आहे. तिथे आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, कुवतीबाहेरचे ओझे कुणावर नको असे सांगितले आहे, आणि मुलावरून आईला त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये, अशी ताकीद आहे. बाळ आईपासून तोडणे हाही त्रासच, आणि एकटीने सगळे कर म्हणून तिला सोडून देणे हाही त्रासच.

मग घरात काय करावे? पहिली गोष्ट, बाळाचा सगळा संसार जमिनीवर आणावा. गादी, लंगोट, झबली, दुपटी, सारे आईचा हात पोहोचेल असे खाली मांडावे. उंच पलंगावरून बाळ उचलण्याची वेळच येऊ नये. आपल्याकडे नानी पाटावर बसून, पाय पसरून त्यावर बाळाला न्हाऊ घालते. आईचे पाय तो भार घेत नसतील, तर जमिनीवर उथळ टब ठेवावा, चार बोटे पाणी घ्यावे, कोपर बुडवून ऊब पाहावी. पाणी आणणे आणि टब उचलणे दुसऱ्याने करावे, अंगावरून हात आईचाच फिरावा. कुबड्यांवर चालताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे या खोलीतून त्या खोलीत बाळ नेण्याचे काम दुसऱ्याचे. चाकाच्या खुर्चीवरच्या आईने बाळ रुंद कापडाने छातीशी बांधावे, मात्र त्याचे तोंड उघडे दिसले पाहिजे आणि हनुवटी छातीवर दाबली जाता कामा नये.

एका हाताने काम करणाऱ्या आईसाठी झबल्यांचे बंद काढून चिकटपट्टी शिवून द्यावी. दूध पाजताना कुशीवर झोपावे किंवा मांडीवर उशी घ्यावी, म्हणजे हाताला भार होत नाही. दिसत नसलेल्या आईला औषध मोजता यावे म्हणून डॉक्टरांना विचारून ड्रॉपरवर मात्रेपाशी खाच करून घ्यावी. बाळ रांगू लागले की त्याच्या पैंजणांतली घुंगरे पक्की आहेत ना, हे पाहावे. एखादे सुटून तोंडात जाऊ शकते. ऐकू न येणाऱ्या आईने रात्री पाळणा अंथरुणाला लावून ठेवावा आणि हात बाळाजवळ असू द्यावा.

बाळही शिकते, हे विसरू नये. अमेरिकेत बर्कली येथे १९८२ साली सुरू झालेल्या 'थ्रू द लुकिंग ग्लास' या संस्थेने अपंग आई आणि तिचे बाळ यांचे बारकाईने निरीक्षण केले. आई उचलताना बाळ अंग आवरून धरते, स्थिर राहते, असे तिथे दिसले. आम्ही शिक्षक मंडळी शाळेच्या फाटकापाशी याचेच पुढचे रूप पाहतो. इतर मुले धावत सुटतात, आणि एखादे मूल अम्मीच्या कुबडीच्या तालाने पावले टाकत येते. त्याला हे कुणी समजावून सांगितलेले नसते.

कायदाही आईच्या बाजूने आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. त्याच्या २३ व्या कलमानुसार आई-वडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून वेगळे करता येत नाही. तलाकच्या वादात "ही मुलाला काय सांभाळणार" असे कुणी म्हणाले, तर हे ठाऊक असावे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे. कुबड्या, कॅलिपर, चाकाची खुर्ची यांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे.

घरात अशी बाळंतीण असेल तर सासू, नणंद आणि विशेषतः बाळाच्या अब्बांनी एक संध्याकाळ तिच्याजवळ बसावे. "तुला काय जमणार नाही" असे विचारू नये. "कोणते काम आम्ही करू आणि कोणते तू ठेवतेस" असे विचारावे आणि ती सांगेल तशी वाटणी करावी. रात्री बाळ रडले, तर अब्बांनी उठून त्याला उचलावे आणि आईच्या कुशीत द्यावे.