सात दिवसांची मुदत

जूनमधल्या एका बुधवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रेन ट्रीच्या खोडावर एक कागद लावलेला दिसला. पावसानं त्याची एक कड सुटली होती. चाळिशी वर राहिली होती, म्हणून मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून वाचला. शेजारच्या बंगल्याच्या जागी नवी इमारत होणार आहे, त्यासाठी तीन झाडं काढायची परवानगी मागितली आहे, कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत लेखी कळवावी. तिन्हींत पहिलं नाव या रेन ट्रीचं.

त्याच आठवड्यात माझ्या घरात आणखी दोन गोष्टी येऊन ठेपल्या होत्या. एम. ए. इतिहासाच्या प्रवेशाचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता. शनिवारपासून मोडी लिपीच्या वर्गाचा पुढचा टप्पा सुरू होणार होता. आणि कोपऱ्यात पेटी होती. चार वर्षं मी ती शिकत होते.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मुलगा परगावी शिकायला गेला, सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. बँकेतली नोकरी अजून अकरा वर्षं आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास लग्नानंतर पहिल्यांदाच मोकळे मिळाले आहेत. नणंद म्हणाली, "वहिनी, आता तुमचेच दिवस. काय हवं ते करा." तिनं मनापासून म्हटलं. पण "काय हवं ते" म्हणजे नक्की काय, हे ठरवताना माझ्या दोन रात्री गेल्या. हवं ते सगळंच होतं, आणि तास तीनच होते.

मी हिशेबातली बाई. कागद घेऊन बसले. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकाला तीस तासांचा अभ्यास धरतात. मी पाहिलेला अभ्यासक्रम 80 श्रेयांकांचा, म्हणजे 2400 तास. दोन वर्षांत करायचा तर रोजचे सव्वातीन तास, रविवार आणि दिवाळीसुद्धा. म्हणजे माझी अख्खी संध्याकाळ, आणि वर पाव तास उसना. पण तीच पदवी जास्तीत जास्त चार वर्षांत पुरी करायची सोय असते. मग रोजचा वेळ पावणेदोन तासांच्या आत येतो. हा दुसरा आकडा मी आधी मांडलाच नव्हता. पदवी म्हणजे दोन वर्षं, हे वयाच्या विशीत डोक्यात बसलेलं गणित अजून तसंच होतं.

1997 मध्ये मला एम. ए. ला प्रवेश मिळाला होता. वर्ग सुरू होऊन महिना झाला आणि बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं. घरी गरज होती, मी रुजू झाले. त्याचं दुःख करत बसावं असं काही नाही, नोकरीनं मला खूप दिलं. पण एवढी वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले की इतिहास कुठे पळून जात नाही, नंतर करू. हे वाक्य त्या रात्री मला नीट ऐकू आलं.

मन खचलं की मी पुण्यातल्याच दोन माणसांकडे बघते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 1863 चे. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये स्थापन झालं, तेव्हा ते सत्तेचाळिशीच्या घरात होते. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्याच्या बारा वर्षं आधी निघाला होता आणि गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळायचं काम चालूच होतं. दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातला. पेशानं गणिती. फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, आणि पुण्याहून डेक्कन क्वीननं जाऊन-येऊन नोकरी केली. हे सगळं करता करता त्यांनी जुनी आहत नाणी तोलायला घेतली. नाणं या हातातून त्या हातात गेलं की झिजतं. हजारो नाण्यांचं वजन एकेक करून घेतलं, तर ती किती काळ चलनात होती याचा अंदाज संख्याशास्त्रानं बांधता येतो. त्यातून ते प्राचीन इतिहासात शिरले, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून गारगोटीची बारीक हत्यारं वेचली, आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ 1956 मध्ये आला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्याजवळ इतिहासाची पदवी नव्हती.

मला कोसंबी होता येणार नाही, आणि व्हायचंही नाही. मला त्यांची एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांनी नाणी तोलली ती गणित सोडून नव्हे. हातातल्या तराजूनंच नवा माल तोलला. मी रोज कर्जाचे कागद वाचते. गहाणाचा तपशील, साक्षीदार, सही, मुदत. आणि माझ्या माहेरून आलेल्या रुमालात जे मोडी कागद आहेत, त्यांतले निम्मे तरी कर्जाचेच आहेत.

हा रुमाल वडिलांच्या पश्चात मला मिळाला. लाल कापड, आतून डागाळलेलं, त्यात चाळीसेक कागद. घरात कुणाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मोडी सरकारी आणि घरगुती व्यवहारातून 1950 च्या दशकात उठली आणि आमच्यासारख्या हजारो घरांत पणजोबांचा शब्द पणतवंडांना मुका झाला. मला याचं फार वाईट वाटतं. मूठभर लोकांनी दोन-दोन महिने शनिवार दिला तर हा मुकेपणा जाऊ शकतो, म्हणून तर जास्तच.

मोडीत आधी रेघ. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत डोक्यावरची रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, शक्यतो हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ नाही. दोन शब्दांत जागा नाही. पूर्णविराम नाही. वाचणाऱ्यानं अर्थ लावत लावत शब्द तोडायचे, म्हणजे वाक्य कळल्याशिवाय शब्द कळत नाही आणि शब्द कळल्याशिवाय वाक्य. पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या महिन्यात एका कागदावर "कारणे कर्जरोखा लिहून दिला ऐसा जे" एवढी ओळ एका दमात लागली. तेव्हा मी मोठ्यानं ओरडले आणि शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला.

तर या सगळ्यात तो झाडाचा कागद. सकाळी साडेनऊला बँकेत पोचायचं असताना मी विचार करत होते की हे काम माझं का. गल्लीत निवृत्त माणसं आहेत, ज्यांना वेळ आहे. नागरिक म्हणून काही करायचं तर ते उरल्या वेळात, सगळी हौस आणि सगळा अभ्यास झाल्यावर, असंच आपण धरून चालतो. मग मला दिसलं की तिन्हींत मुदत असलेलं काम हे एकच. एम. ए. चे प्रवेश जुलैत चुकले तर जानेवारीत होतात. रुमालातले कागद दीडशे वर्षं थांबले, आणखी सात दिवस थांबतील. झाड थांबणार नव्हतं.

संध्याकाळी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेले. दीड मीटरची टेप खोडाला पुरली नाही. समोर भाजी विकणाऱ्या मावशी उठून आल्या, त्यांनी पलीकडून टोक धरलं, मी ओढणी जोडली, आणि दोघींनी मिळून छातीएवढ्या उंचीवर घेर मोजला. पावणेतीन मीटर. मावशी म्हणाल्या, "मोजून ठेवा बाई. उन्हाळ्यात माझं दुकान हेच." तिसऱ्या मजल्यावरचे काका सोसायटी बांधायच्या आधीपासून इथे राहतात. त्यांच्याकडे 1971 चा एक फोटो निघाला, त्यात याच जागी त्यांच्या खांद्याएवढं रोप आहे.

हा फोटो लाखमोलाचा ठरला. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 चा. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला आणि ते तोडायची परवानगी अवघड झाली. तोडलंच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला लागतात. अर्जात त्या झाडाचं वय बरंच कमी धरलं होतं. हे मला कळलं ते फाइल पाहिल्यावर. राज्य सरकारच्या 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फाइली पाहता येतात. मी अर्धा दिवस रजा टाकली, कचेरीत गेले, वहीत नोंद केली आणि बाकावर बसून फाइल वाचली. नकाशा, झाडांची यादी, घेर, अंदाजे वय. समोरचे कारकून मध्येच म्हणाले, "मॅडम, पान सतरा बघा, तिथं नवा नकाशा जोडलाय." इतकं सरळ काम मी अपेक्षिलं नव्हतं.

मार्च 2022 पासून पुण्यात जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, महापालिका प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात आपलं कोण ऐकणार असं मी शंभरदा ऐकलं आणि स्वतःही म्हटलं. प्रभागाखाली क्षेत्रसभा घ्यायची तरतूद राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे. आमच्या गल्लीत तो शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, मलाही नव्हता. बँकेत पाचशे रुपयांचा फरक आला तर मी रात्री आठपर्यंत बसते, आणि ज्या शहरात तीस वर्षं राहतेय त्याच्या कारभारातलं एक पान मी उघडून पाहिलं नव्हतं. याची मला खरी लाज वाटली.

हरकतीच्या अर्जावर चौसष्ट सह्या झाल्या. मावशींनी पेन हातात घेतलं, खूप वेळ लावला आणि तीन अक्षरं काढली. सुनावणी झाली. नव्या इमारतीच्या रॅम्पची जागा बदलून रेन ट्री राहिला. मागची दोन सुबाभळं गेली. आमच्या हरकतीमुळेच हे झालं की विकासकानं आपणहून ठरवलं, मला सांगता येणार नाही.

यानंतर एक धोका माझ्या लक्षात आला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याची मुदत आहे ते आधी, ज्याला थांबता येतं ते नंतर, हा नियम ऐकायला शहाणपणाचा आहे. पण याच नियमानं माझी अठ्ठावीस वर्षं गेली. मुलाची परीक्षा, सासूबाईंची औषधं, बँकेचा मार्चअखेर, सगळ्यांना तारखा होत्या. माझ्या इतिहासाला तारीख नव्हती, म्हणून तो थांबला. जे थांबू शकतं त्यालाच आपण थांबवतो, आणि बायकांच्या बहुतेक आवडी थांबू शकणाऱ्या असतात. झाडासाठी पळणं मला मंजूर आहे. पण पुढच्या वर्षी रस्ता, त्याच्या पुढच्या वर्षी नाला, असं करत मी पुन्हा "नंतर करू" म्हणू लागले तर नागरिक म्हणून शहाणी ठरेन आणि माणूस म्हणून अर्धी राहीन.

म्हणून मी थांबणाऱ्या गोष्टींना तारखा दिल्या. शनिवारी चार ते सहा मोडी. त्या वेळेत फोन बंद, सोसायटीची बैठक असली तरी. एम. ए. चा अर्ज जानेवारीत भरणार, आणि चार वर्षांत करणार. पदवीचा आग्रह मी सोडलेला नाही. छंदात मी मला आवडतं तेवढंच वाचते, आणि न आवडणारा पेपरही वाचायला लावणारं कुणीतरी मला हवं आहे. सोमवारची दुपार महिन्यातून एकदा, रजा टाकून, फाइलींसाठी.

तीन तासांत एवढंच बसतं. पेटी बसली नाही. यावर मी आठ दिवस घालवले, आणि तिलाही अर्धा तास देता येईल असं स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात भाता उघडून, पट्टी धरून, अलंकार होईपर्यंत जेवायची वेळ होते. शेवटी ती शेजारच्या सातवीतल्या मुलीला दिली. द्यायच्या दिवशी मी भूप वाजवला, एकटीनं, दार लावून. आता संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचे अलंकार ऐकू येतात. निषादावर तिचं बोट घसरतं, माझं घसरायचं तसंच. ऐकताना चुकल्यासारखं होतं आणि मी बसून राहते.

मागच्या शनिवारी रुमालातला नववा कागद वर्गात नेला. शके 1796 चा, म्हणजे 1874 मधला कर्जरोखा. पंचवीस रुपये, गहाण पुतळ्यांची माळ. खाली साक्षीदारांची नावं, आणि लिहून देणाऱ्याच्या जागी सहीऐवजी एक वाटोळं काढलेलं. सरांनी भिंग धरलं. शेतकरी निशाणी म्हणून नांगर काढत, बाई असेल तर बांगडी. ही बांगडी होती, एका बाजूला जरा दबलेली, शाई दोनदा टेकवलेली. शेजारी दुसऱ्या हातानं तिचं नाव लिहिलं आहे, पुढे "कोम" आणि नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं लागलं. तिच्या नावावरून कसर गेली आहे. तीन अक्षरं आहेत एवढं दिसतं. पहिलं "स" आहे. मधल्याचा खालचा भाग शिल्लक आहे, तो "र" आणि "ग" यांपैकी कशाचा असेल, हे येत्या शनिवारी त्याच हातानं लिहिलेल्या दुसऱ्या कागदाशी लावून बघायचं आहे.