विश्लेषण : शहरात ४५ हजार की हिंजवडीत ५० हजार? नोकरीचा पत्ता पगारात का धरायचा?

समजा, तुमचे घर शनिवार पेठेत आहे आणि हातात दोन ऑफर आहेत. एक शिवाजीनगरची, हातात ४५ हजार. दुसरी हिंजवडी फेज-३ ची, हातात ५० हजार. घरी विचारले तर उत्तर ठरलेले : ‘जास्त देतात तिकडे जा.’ पण हे पाच हजार खरेच जास्त आहेत का?

हिशेब काय सांगतो?

हिंजवडीला जाताना एका बाजूने साधारण २० किलोमीटर आणि एक तास जास्त धरू. महिन्याचे २२ दिवस कामाचे. म्हणजे ८८० किलोमीटर आणि ४४ तास जादा. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तरी जवळपास दोन हजार रुपये टाकीत जातात. उरले तीन हजार. त्यासाठी दिलेले तास ४४. म्हणजे तासाला ७० रुपयांहूनही कमी.

शिवाजीनगरच्या नोकरीत रोज नऊ तास धरले तर तासाला सुमारे २२७ रुपये पडतात. जादा पगाराच्या नावाखाली आपण आपला वेळ एक तृतीयांशाहून कमी भावाने विकतो. यात गाडीची झीज, पाठदुखी आणि पावसाळा धरलेलाच नाही.

कंपन्या शहराबाहेर का जातात?

कारण तिथे मोठी जागा एकत्र मिळते. एमआयडीसी भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. पेठेत किंवा कॅम्पात एवढी जागा मिळणे अशक्य, मिळाली तरी परवडणार नाही. यात गैर काही नाही. अडचण पुढची आहे. इमारती आधी उभ्या राहतात, रस्ते आणि बस मागून येतात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तोवर आयटी पार्कात कंपन्या येऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. मधल्या काळातली कोंडी कर्मचाऱ्यांनी आपल्या वेळेतून भरली.

मग वाकडला राहायला जा की!

हा सल्ला नेहमी मिळतो आणि एकट्या मुलासाठी तो ठीकही आहे. पण पुण्यात नोकऱ्या चारही टोकांना आहेत : पश्चिमेला हिंजवडी, पूर्वेला खराडी, उत्तरेला चाकण. नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत असेल तर घर कुठे घ्यायचे? दोन वर्षांनी नोकरी बदलली तर पुन्हा बिऱ्हाड हलवायचे का? शहराच्या मधोमध असलेल्या ऑफिसला बस, स्टेशन, बँक, दवाखाना जवळ असतो. संध्याकाळी सहानंतर एखादा क्लास करता येतो. टोकाच्या नोकरीत ती संध्याकाळ रस्त्यावर जाते.

औद्योगिक भागात जाऊच नये का?

तसे मुळीच नाही. मी स्वतः इंजिनीअर आहे. चाकणच्या प्लांटमध्ये लाइनवर उभे राहून जे कळते, ते फर्ग्युसन रस्त्यावरच्या एसी ऑफिसात कळणार नाही. कंपनीची बस दारापासून जवळ येत असेल, कँटीन असेल, शिकायला मिळत असेल, तर २५व्या वर्षी तो सौदा चांगला आहे. फक्त तो डोळे उघडे ठेवून करावा.

कायदा प्रवासाकडे कसा पाहतो?

महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये कामावर जाताना अपघातात गेला. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी निकाल दिला : घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, भरपाईसाठी नोकरीतलाच मानता येईल. म्हणजे वाटेत जीव गेला तर तो रस्ता नोकरीचा भाग ठरू शकतो. रोज सुखरूप पोहोचणाऱ्याचे दोन-तीन तास मात्र कुणाच्याच हिशेबात नाहीत. हे बदलायला हवे. शहराबाहेर जाऊन जागेचा खर्च वाचवणाऱ्या कंपनीने त्यातला काही वाटा बस, प्रवास भत्ता किंवा लवचीक वेळेच्या रूपात कर्मचाऱ्याला द्यावा आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहावे.

सही करण्यापूर्वी काय विचाराल?

– कंपनीची बस कुठून, किती वाजता सुटते? शेवटची परतीची बस कधी?
– घरून काम आठवड्यातून किती दिवस, आणि ते लेखी आहे का?
– उशिराच्या शिफ्टनंतर घरापर्यंत गाडी मिळते का? मुलींनी हा प्रश्न संकोच न करता विचारावा.
– प्रवास भत्ता पगारातच धरलाय की वेगळा?

आणि एक काम स्वतः करा. मुलाखत दुपारी असली तरी होकार कळवण्याआधी एकदा सकाळी नऊच्या गर्दीत त्या पत्त्यावर जाऊन या. शक्यतो पावसाच्या दिवशी.