जुना संगणक ठेवा, पण इंटरनेटपासून दूर : माहुलमधील संगणकधारकांना जाहीर आवाहन

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपली होती. देखभाल संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो सुरू होतो, छपाई करतो, त्यामुळे बदलण्याची निकड कुणाला जाणवत नाही. मात्र त्यानंतर प्रणालीत सापडलेली त्रुटी दुरुस्त होत नाही आणि चोरांना ती कायम उपलब्ध राहते.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा संगणकीय विषाणू जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती; ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’ने पसरण्यासाठी इतर मार्गांबरोबर हीच त्रुटी वापरली आणि न्हावा-शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे संगणकीय काम ठप्प केले. रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना एटीएममधील देखभाल संपलेली विंडोज एक्सपी वर्षभरात टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यास सांगितले.

तरीही बदल टाळला जातो, आणि त्यामागची कारणे खरी आहेत. डीटीपीच्या दुकानात पेजमेकर आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात, सोबत ते चालवण्यासाठी लागणारा डोंगल असतो. नव्या प्रणालीवर ते चालतील याची खात्री नसते. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, मग प्रत्येक ओळ तपासावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि अनेक चालू संगणक तिथेच अडतात. नवा संगणक घेणे प्रत्येकाला परवडणारे नाही.

परंतु दुकानातील संगणकावर फक्त दुकानदाराचा मजकूर नसतो. ग्राहक व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड पाठवतो, ते दुकानात उघडून छापले जाते आणि फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. पॅन, बँक पासबुक, शिधापत्रिका यांचेही तेच. तानसा जलवाहिनीलगतची घरे गेल्यावर माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत आलेल्या कुटुंबांसाठी तर पात्रतेची कागदपत्रे हाच मोठा आधार आहे. असे कागद देखभाल नसलेल्या संगणकावर ठेवणे योग्य नाही.

म्हणून दुकानदार, शिकवणी वर्ग, गृहनिर्माण संस्था आणि मंडळे यांना आवाहन आहे की, जुन्या फॉन्टचे काम जुन्या संगणकावर खुशाल करावे, पण त्याचे इंटरनेट काढून टाकावे. अर्ज, बँक व्यवहार आणि ग्राहकांची कागदपत्रे दुसऱ्या, देखभाल सुरू असलेल्या संगणकावरच हाताळावीत. घरगुती विंडोज १० वर नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर सी-डॅकची मोफत ‘बॉस’ लिनक्स ही प्रणाली बसवता येते. बदल करण्यापूर्वी सर्व फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी.

नागरिकांनी चालेल तिथे शेवटचे चार अंकच दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. छपाई झाल्यावर फाइल रिसायकल बिनमधूनही आपल्यासमोर पुसून घ्यावी. पैशांची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.