नावावाचून छायाचित्र म्हणजे नुसता नमुना

१/ ‘नऊवारीतील ज्यू कुटुंब, एकोणिसावे शतक.’ अशा ओळीचे एखादे जुने छायाचित्र अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरते. आपण हरखतो आणि पुढे पाठवतो. त्या नऊवारीतील बाईंचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. या कौतुकाला माझा आक्षेप आहे. #धागा

२/ हे लोक बहुधा कोकणातील बेने इस्राएल. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, ही त्यांची परंपरा. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावे म्हणजे गावांची यादीच. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे.

३/ आता कॅमेऱ्याकडे या. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या रहिवाशांचे जातीजमातींनुसार संग्रह छापले. स्टुडिओत टिपलेल्या आकृती त्यांनी भलत्याच देखाव्यांवर बसवल्या. तिथे माणूस नव्हता, जमातीचा नमुना होता. नाव गाळून चित्र पुढे पाठवणारे आपण तोच वसाहती कित्ता गिरवतो.

४/ नामवंतांचे चेहरे टिकतात. अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर किंवा कवी निसीम इझिकेल यांना ओळख लागत नाही. पलटणीतील शिपाई, रेल्वेतील कारकून, सुतार, शिक्षिका, परिचारिका यांचे काय? समाज तर त्यांच्याच श्रमांवर उभा होता.

५/ ‘हा निव्वळ स्मरणरंजनाचा छंद’ असे म्हणणाऱ्यांनी १९६० चे दशक आठवावे. इस्राएलमध्ये धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर याच समाजाच्या वंशशुद्धतेविषयी शंका घेतली. १९६४ मध्ये समाजाला रस्त्यावर उतरावे लागले. ज्यांना ‘तुमचे आजोबा कोण?’ हा प्रश्न अधिकाराच्या आसनावरून विचारला गेला, त्यांच्यासाठी आजोबांचे नाव ही चैन नव्हे.

६/ आणि येथे आपली जबाबदारी सुरू होते. अनेक कुटुंबे लोद, अश्दोद, दिमोना, बेर्शेबा येथे स्थायिक झाली. छायाचित्राच्या पाठीवरचा मजकूर मराठीत असेल, तर हिब्रूत वाढलेल्या नातवंडांना तो वाचता येईलच असे नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत ज्यू पाच हजारांहूनही कमी. चेहरे ओळखणारे डोळे त्याहून कमी.

७/ नावांचे मोल याफा एलियाख यांनी जाणले. लिथुआनियातील एइशिश्की गावच्या ज्यूंची १९४१ मध्ये कत्तल झाली. त्या गावची छायाचित्रे त्यांनी देशोदेशींच्या नातलगांकडून वर्षानुवर्षे गोळा केली. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातील चेहऱ्यांचा मनोरा त्यांतूनच उभा राहिला. कोकणात कत्तल झाली नाही. येथे घरे स्थलांतराने रिकामी झाली. पण विस्मरणाला हत्याराची गरज नसते.

८/ ‘स्कॅन केले, जतन झाले’ हाही भ्रमच. पुढची बाजू तेवढी स्कॅन करणे म्हणजे पुस्तकाचे मुखपृष्ठ ठेवून पाने रद्दीत घालणे. पाठीवरचा मजकूर, स्टुडिओचा शिक्का, अल्बममधील क्रम हा सारा पुरावा आहे.

९/ म्हणून दोन्ही बाजू स्कॅन करा. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहा. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह द्या. वडीलधाऱ्यांना एकेक चेहरा दाखवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. हिब्रूत वाढलेल्या नातवंडांना मराठी ओळी वाचून द्या. आणि कुटुंबाच्या संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करू नका.

१०/ यापुढे असे छायाचित्र समोर आले, तर ‘किती सुंदर!’ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: या कोण? उत्तर आज मिळू शकते. आणखी वीस वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.