नुस्खा नको, निदान हवे

संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलामुलींच्या घरी एकच लॅपटॉप असतो. त्यात विंडोज असते आणि कॉलेजात लिनक्सही शिकवतात. मग विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय वापरली जाते. लिनक्समधल्या प्रोग्रामची खिडकी विंडोजच्या पडद्यावर दिसावी म्हणून अनेक जण व्हीसीएक्सएसआरव्हीसारखा डिस्प्ले सर्व्हर बसवतात. लॅपटॉप चालू केला की तोही आपोआप चालू व्हावा, एवढीच अपेक्षा असते. तसे झाले नाही की मुले मोबाइलवर उपाय शोधतात आणि एक नुस्खा हमखास हाती लागतो: ‘ॲक्सेस कंट्रोल बंद करा, फायरवॉलही बंद करा.’

माझे स्पष्ट मत आहे की हा इलाज नाही. मर्ज न ओळखता दिलेले हे औषध आहे, आणि ते घातकही आहे.

एक्स विंडो ही प्रणाली १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जन्मली. तिच्या मूळ रचनेत, डिस्प्लेशी एकदा जोडला गेलेला प्रोग्राम त्याच डिस्प्लेवरच्या दुसऱ्या खिडकीत काय टाइप होते आहे ते टिपू शकतो. शिवाय असे सर्व्हर सहसा विंडोजचा क्लिपबोर्डही वाटून घेतात. म्हणजे आपण कॉपी केलेला पासवर्डही तिथे पोहोचतो. ॲक्सेस कंट्रोल आणि फायरवॉल दोन्ही बंद करून तोच लॅपटॉप हॉस्टेलच्या वाय-फायला जोडला, तर दार सताड उघडे राहते.

मग करायचे काय? वैद्य नाडी पाहतो तसे क्रमाने प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: सर्व्हर चालू झाला आहे का? टास्क मॅनेजरमध्ये त्याचे नाव दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘शेल:स्टार्टअप’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्या. उघडलेल्या फोल्डरमध्ये एक्सलाँचने जतन केलेली सेटिंगची फाइल किंवा तिचा शॉर्टकट हवा. या फोल्डरमधल्या गोष्टी लॅपटॉप चालू होताच नव्हे, तर आपण लॉगिन केल्यावर चालू होतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ती नोंद बंद केलेली नाही ना, हेही पाहा.

दुसरा प्रश्न: सर्व्हर कोणाच्या सत्रात चालू झाला? काही जण टास्क शेड्युलर वापरतात आणि ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो’ हा पर्याय निवडतात. विंडोज व्हिस्टापासून अशी कामे वेगळ्या, न दिसणाऱ्या सत्रात चालतात. यादीत नाव दिसते, पडद्यावर मात्र काहीच येत नाही. तिथे ‘फक्त लॉगिन असताना’ हा पर्याय हवा. फोल्डर आणि शेड्युलर दोन्हीकडे नोंद केली असेल तर शून्य क्रमांकाचा डिस्प्ले पहिल्याने घेतलेला असतो आणि दुसरा सर्व्हर त्रुटी दाखवून बंद पडतो.

तिसरा प्रश्न: लिनक्सला सर्व्हरचा पत्ता ठाऊक आहे का? डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत ‘लोकलहोस्ट’ एवढे पुरते. दुसरी आवृत्ती सहसा स्वतःच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर चालते आणि तिथे विंडोजचा पत्ता लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर बदलू शकतो. डिस्प्लेच्या ओळीत कालचा पत्ता असेल तर सर्व्हर ठणठणीत असूनही खिडकी उघडणार नाही. अशा वेळी फायरवॉल बंद करून काय मिळणार?

चौथा प्रश्न: वाट मोकळी आहे का? फायरवॉलचा विचार इथे येतो. ती पूर्ण बंद करू नका. शून्य क्रमांकाच्या डिस्प्लेसाठी ६००० हा पोर्ट असतो, तेवढाच आणि तोही डब्ल्यूएसएलच्या पत्त्यांपुरता खुला करा. ॲक्सेस कंट्रोल चालू ठेवून एक्सऑथची कुकी, म्हणजे ओळखीची किल्ली, वापरता येते. थोडी मेहनत आहे, पण जमते.

या सगळ्याआधी एक गोष्ट पाहावी. विंडोज ११ वर, आणि नव्या डब्ल्यूएसएलसह विंडोज १० वरही, डब्ल्यूएसएलजी ही सोय मिळते. ती असेल तर वेगळा सर्व्हर लागतच नाही. मात्र जुन्या नुस्ख्यातली डिस्प्लेची ओळ फाइलमध्ये तशीच राहिली असेल तर तीच आडवी येते. ती काढून टाकली की बहुधा काम होते.

कोणी म्हणेल, ‘सर, उद्या प्रॅक्टिकल आहे, निदानाला वेळ कुठे?’ अडचण खरी आहे. पण पहिले दोन प्रश्न काही मिनिटांत सुटतात. पाठ केलेला नुस्खा मात्र पत्ता बदलला की पुन्हा निकामी होतो, आणि उघडे दार तसेच राहते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही माध्यमांतल्या मुलांना तंत्रज्ञानाच्या पायऱ्या मिळतात, त्यामागचे कारण मात्र इंग्रजीतच राहून जाते. बुद्धी कमी नाही, समजावणारी भाषा कमी पडते. म्हणून संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: हे चार प्रश्न मुलांकडून त्यांच्या भाषेत, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. आणि पालकांनो, घरातले मूल ‘फायरवॉल बंद केली, झाले’ असे म्हणाले, तर तांत्रिक काही कळत नसले तरी एवढे जरूर विचारा: ‘का बंद केली, बाळा?’