नकाशावरची भटकंती : चांदीचा डोंगर

दोस्तांनो, घेतलात का नकाशा? आज जरा लांबचा पल्ला आहे. दक्षिण अमेरिकेचं पान उघडा आणि बोलिव्हिया देश शोधा. त्याच्या दक्षिण भागात, अँडीज पर्वताच्या रांगांत एक ठिपका दिसेल. नाव आहे पोटोसी.

तुमच्यापैकी कितीजण कळसूबाई चढलेत? १६४६ मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच. आता अशा अडीच कळसूबाई एकावर एक रचा. तेवढ्या उंचीवर हे गाव वसलंय! हवा इतकी विरळ, की नव्या माणसाला दोन जिने चढले तरी धाप लागते. थंडी तर विचारूच नका. मग इथे माणसं राहायला आली तरी कशाला?

याचं उत्तर गावाच्या मागेच उभं आहे. वाळूच्या ढिगासारखा निमुळता, तांबूस रंगाचा एक डोंगर. नाव 'सेरो रिको', म्हणजे श्रीमंत डोंगर. गोष्ट अशी सांगतात, की दिएगो वाल्पा नावाच्या माणसाने थंडीसाठी डोंगरावर शेकोटी पेटवली, आणि बघतो तर काय, दगडांतून चांदी वितळून वाहतेय! गोष्ट खरी असो वा नसो, १५४५ साली इथे चांदी सापडली एवढं नक्की. तेव्हा या भागावर स्पेनच्या राजाची सत्ता होती. ओसाड माळावर बघता बघता शहर उभं राहिलं. साठ-सत्तर वर्षांत वस्ती दीड लाखांच्या वर गेली. तेव्हाच्या जगातल्या मोठ्या शहरांत पोटोसीची गणना होत असे.

ही चांदी गेली कुठे? लामा आणि खेचरांच्या पाठीवरून समुद्रापर्यंत, तिथून जहाजांनी स्पेनला, आणि व्यापाऱ्यांच्या हातून थेट आपल्याकडे! युरोपातले व्यापारी आपलं कापड, नीळ, मिरी घ्यायला यायचे आणि बदल्यात चांदी मोजायचे. अमेरिकेच्या खाणींतली ही चांदी गोव्याला आणि सुरतेला उतरायची. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून तिचे रुपये पाडत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर छापा घातला, हे तुम्ही इतिहासात वाचलंय. ती सुरत एवढी श्रीमंत झाली, त्यात या परदेशी चांदीचाही वाटा होता, बरं का!

पण मित्रांनो, ही चांदी काढली कोणी?

१५७३ पासून स्पॅनिश सरकारने सक्ती केली. आजूबाजूच्या प्रांतांतल्या गावागावांतून दरवर्षी १३ हजारांहून जास्त पुरुष पोटोसीला पाठवायचे, म्हणजे वेठबिगारच! अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर दगडांचं ओझं घेऊन ही माणसं कातड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून अंधारात चढत. बाहेर आल्यावर अंगातला घाम थंडीने गोठायचा. दगडाची भुकटी करून तीत पारा मिसळत आणि चांदी वेगळी करत. त्या पाऱ्याची विषारी वाफ कामगारांच्या छातीत जाई. किती माणसं मेली याचा हिशेब कोणी ठेवलाच नाही. ही सक्ती जवळजवळ अडीचशे वर्षं चालली.

आज पोटोसीला गेलात तर जुनी टांकसाळ जरूर बघा. १७७३ मध्ये पूर्ण झालेली ही दगडी इमारत आता संग्रहालय आहे. चांदीच्या पट्ट्या लाटणारी प्रचंड लाकडी चाकं तिथे अजून आहेत. खालच्या मजल्यावर खेचरं ती फिरवायची. अंगणात शिरताच कमानीवरून एक भलामोठा चेहरा तुमच्याकडे बघून हसतो. तो कोणाचा, यावर लोक अजून वाद घालतात! गल्ल्यांतून फिरताना कोरीव दगडी दारांची जुनी चर्चही दिसतील. १९८७ साली युनेस्कोने पोटोसीला जागतिक वारशाचा मान दिला.

खाणीच्या आत मात्र दुसरेच कोणी तुमची वाट बघत असतात. मातीची, शिंगं असलेली मूर्ती! खाणकामगार तिला 'तिओ' म्हणतात, म्हणजे 'काका'. बाहेर देवाचं राज्य, आत काकांचं, अशी त्यांची समजूत. काकांपुढे कोकाची पानं, सिगारेट ठेवून ते कामाला लागतात. कारण काम आजही चालू आहे! चांदी थोडी उरली. आता जस्त, शिसं, कथील यांच्या मागे हजारो कामगार तिथे राबतात. दगडाची धूळ फुप्फुसात साठून कित्येकजण तरुणपणीच जातात. तुमच्या वयाची मुलंही या बोगद्यांत उतरली आहेत. आणि पावणेपाचशे वर्षं पोखरून पोखरून डोंगराचा माथाच खचू लागलाय. म्हणून २०१४ साली युनेस्कोने पोटोसीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं.

गंमत बघा, ज्या डोंगराने अर्ध्या जगाला श्रीमंत केलं, त्याच्या पायथ्याशी राहणारे लोक गरीबच राहिले.

आता या आठवड्याचं काम. घरातली धातूची एक वस्तू निवडा. आईचं पैंजण, पाण्याचा तांब्या, काहीही चालेल. तो धातू कुठल्या खाणीतून येतो आणि तो काढणारी माणसं कशी राहतात, हे आई-बाबांना, सरांना-बाईंना विचारा. पुस्तकंही धुंडाळा. सापडेल ते वहीत लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नकाशा घेऊन यायला विसरू नका!