डबा बदलण्याआधी निदान करा

२००१ साली बंगळुरूच्या कारखान्यातून ‘रेवा’ नावाची दोन दारांची, तीन मीटरपेक्षाही कमी लांबीची मोटार बाजारात आली. पेट्रोल नाही, गिअर नाही, धूर नाही. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची आणि शहरात फिरायची. पुढे हीच गाडी लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. २०१० मध्ये कंपनी महिंद्र समूहाकडे गेली, २०१३ मध्ये नवे मॉडेल आले आणि जुनी रेवा मागे पडली. त्या पहिल्या गाड्यांनी आता विशी ओलांडली आहे. बाहेरचे भाग प्लॅस्टिकचे असल्याने अंगावर गंज दिसत नाही, पण अनेक गाड्या शेडखाली धूळ खात उभ्या आहेत. का बंद आहे असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, “कंट्रोलर गेला.”

आरोग्याच्या सदरात मोटारीचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर असे की ‘कंट्रोलर गेला’ हे वाक्य मला ओपीडीत रोज ऐकू येणाऱ्या ‘अंगात रक्तच नाही’, ‘नस दबली आहे’ यांसारखे वाटते. ते निदानासारखे दिसते, पण निदान नसते. आणि अशा वाक्यावर पुढचा खर्च ठरला, की रुग्णाचा खिसा रिकामा होतो आणि दुखणे तसेच राहते. विजेच्या छोट्या वाहनांत तर हे प्रकरण थेट रुग्णांपर्यंत येते. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी हा कंट्रोलर काय करतो ते पाहू. रेवात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. ही वीज मोटरला सरळ दिली तर गाडी एकदम झेप घेईल. म्हणून मध्ये कंट्रोलरचा डबा. आपण पेडल किती दाबले, हे त्याला एका लहान पोटेन्शिओमीटरवरून कळते. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणामागे असायचा तोच हा भाग. त्या संदेशानुसार डब्यातले मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. ‘चालू’चा वाटा वाढला की वेग वाढतो. डब्याच्या आधी कॉन्टॅक्टर, म्हणजे एक मोठा रिले असतो. गडबड झाली तर बॅटरीचा संबंध तोडणे हे त्याचे काम.

आता गाडी चढावर धापा टाकते, मध्येच थांबते, किंवा किल्ली फिरवूनही हलत नाही. अशा वेळी पहिला संशय डब्यावर घेणे सोपे असते, कारण तो महाग आणि गूढ असतो. पण आधी विचारायला हवा तो इतिहास. त्रास कधीपासून आहे? चढावर होतो की सपाटीवरही? पावसानंतर सुरू झाला का? गाडी गार असताना चालते आणि तापल्यावर बंद पडते का? पावसानंतरचा त्रास बहुधा जोडण्यांमध्ये शिरलेल्या ओलाव्याचा असतो. तापल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा दोष सुटलेल्या सोल्डरकडे किंवा थकलेल्या कपॅसिटरकडे बोट दाखवतो. फक्त चढावर होणारा त्रास असेल तर आधी बॅटरी पाहावी.

बॅटरीची तपासणीही नीट व्हायला हवी. आठ बॅटऱ्यांत मिळून २४ सेल. पूर्ण चार्ज असताना, गाडी उभी असताना मीटर पन्नासच्या थोडे वर आकडा दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, बॅटरी उत्तम आहे. हृदयरोगात आम्ही असेच फसू शकतो. आडवे पडून काढलेला ईसीजी अगदी सरळ येतो आणि ट्रेडमिलवर चालवले की दोष उघडा पडतो. बॅटरीलाही भार देऊन तपासावे लागते. गाडी चढावर चालत असताना प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजले, की सात ठीक राहतात आणि आठवी बसते. एक सेल दगा देतो, कंट्रोलर कमी व्होल्टेज पाहून हात आखडता घेतो आणि बदनाम मात्र तोच होतो.

त्यानंतर जोडण्या पाहाव्यात. हिरवट-पांढरी बुरशी धरलेले टर्मिनल, सैल लग, चालवल्यावर हाताला गरम लागणारी एखादीच जोडणी. मग पेडलचा पोटेन्शिओमीटर. पेडल हळूहळू दाबताना मीटरचा आकडा सलग सरकला पाहिजे, मध्येच उडी मारत असेल तर गाडीही गचके देणार. मग कॉन्टॅक्टरची टोके. डबा उघडण्याची पाळी सगळ्यात शेवटी. आतही बहुतेक दोष ओळखीचे असतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कामचलाऊ हिशेब आहे. कंपनांनी सोल्डरला तडे जातात. एखादा मॉस्फेट जळतो. हे भाग संपूर्ण डब्याच्या तुलनेत फारच स्वस्त असतात.

‘डायरेक्ट’ करण्याचा मोह

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गाडी न चालणे हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. किल्ली फिरवताना पेडल आधीच दाबलेले असेल तर अनेक कंट्रोलर मुद्दाम काम नाकारतात. चार्जरची वायर लावलेली असताना गाडी हलू नये म्हणूनही अशीच कडी असते. अशा एखाद्या लहान स्विचने त्रास दिला, की रस्त्यावरचा कारागीर दोन वायरी जोडून म्हणतो, “डायरेक्ट करून दिलं, साहेब.” गाडी सुरू होते आणि मालक खूश होतो.

आमच्याकडे पोटदुखीवर निदान न करता वेदनाशामक इंजेक्शने घेत राहण्याचा प्रकार याच जातीचा. वेदना थांबते, अपेंडिक्स आत फुटते. मॉस्फेट बऱ्याचदा जळताना बंद होत नाही, ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. म्हणजे पेडल सोडले तरी मोटरला पूर्ण वीज जात राहते. त्या क्षणी कॉन्टॅक्टर आणि त्याच्याभोवतीच्या सुरक्षेच्या कड्या एवढाच काय तो आधार असतो. त्याच ‘डायरेक्ट’ केलेल्या असतील, तर समोर शाळा सुटलेली आहे की भिंत आहे हे केवळ नशिबावर.

जे हौसेने स्वतः काम करतात त्यांच्यासाठी डॉक्टर म्हणून चार सूचना. ४८ व्होल्टचा झटका कोरड्या त्वचेला सहसा जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा बोटातली अंगठी आडवी पडली तर शेकडो अँपिअर वाहतात, धातू क्षणात लालबुंद होतो आणि बोटाला हाडापर्यंत भाजते. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढूनच हात घालावा. बॅटरी सोडवल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून असते. ती बल्ब किंवा रेझिस्टर लावून उतरवावी, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. चार्जरच्या बाजूला २३० व्होल्ट असतात, तिथे चुकीला माफी नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर हवी, विडी-सिगारेट दूर हवी. आम्ल डोळ्यात उडाले तर किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मगच रुग्णालय गाठावे. खाण्याचा सोडा वगैरे डोळ्यात घालू नये.

शिशाबद्दलही सांगितले पाहिजे. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॅटरीचे काम केलेले कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये आणि जुनी बॅटरी वस्तीतल्या भट्टीवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापर साखळीतच जायला हवी. शिसे काढून लिथियम बसवायचे असेल तर चार्जरही बदलावा लागतो आणि सेलवर नजर ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन यंत्रणाही लागते. शिशाचा जुना चार्जर लिथियमला लावणे म्हणजे घरात आग पाळणे.

व्हीलचेअरही वाहनच आहे

रेवा बंद पडली तर मालक रिक्षाने जाईल. पण विजेवर चालणारी व्हीलचेअर बंद पडली तर? आतली रचना जवळजवळ तीच आहे. बहुधा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पेडलऐवजी जॉयस्टिक, आणि तोच वीज तोडून-जोडून वेग ठरवणारा कंट्रोलर. आमच्या रुग्णालयात मणक्याच्या इजेनंतर कमरेखालची ताकद गेलेला एक तरुण येत असे. त्याची व्हीलचेअर बंद पडली. विक्रेत्याने सांगितले, संपूर्ण कंट्रोलर बदलावा लागेल, सुटे भाग मिळत नाहीत. किंमत घरच्यांच्या आवाक्याबाहेरची. चार महिने तो अंथरुणावर होता आणि आमच्याकडे आला तो पाठीखालची खोल जखम घेऊन. शेवटी शेजारच्या इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याने खुर्ची उघडली. जॉयस्टिकच्या केबलमधली एक वायर वाकून वाकून आत तुटली होती. जखम भरायला मात्र त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले.

‘दुरुस्तीचा हक्क’ या शब्दांचा माझ्यासाठी अर्थ इथे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये खास विजेच्या व्हीलचेअरसाठी असा कायदा केला. सुटे भाग, अवजारे आणि दुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र कारागिराला देणे उत्पादकावर बंधनकारक झाले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच वर्षी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. पण त्यासाठी सुरुवातीला निवडलेली क्षेत्रे चार : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. दिव्यांगांची साधने त्या यादीत नाहीत. ज्याला पर्यायी साधनच नाही, तोच यादीबाहेर राहिला.

सरकारी रुग्णालयांची स्थितीही यापासून फार दूर नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला, त्यासाठी झालेल्या मोजणीत वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. यातली सगळीच मोठ्या दोषाने बंद असतील असे मला वाटत नाही.

उत्पादकांचा आक्षेप असा, की कोणीही डबा उघडू लागला तर अपघात होतील. हा आक्षेप पोकळ नाही. व्हेंटिलेटर दुरुस्त झाल्यावर त्याची मोजमापे प्रमाणित यंत्रावर तपासल्याशिवाय मी तो रुग्णाला लावू देणार नाही, आणि व्हीलचेअरचे ब्रेक व आणीबाणीचा स्विच तपासल्याशिवाय ती घरी पाठवणार नाही. पण गरजू माणूस डबा उघडायचा थांबत नाही, तो आराखड्याशिवाय उघडतो. ‘डायरेक्ट’ करण्याची सवय माहिती नसण्यातूनच वाढते. कोणती कडी कशासाठी आहे हे कागदावर असेल, तर ती तोडण्याआधी कारागीर दोनदा विचार करेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत व्हीलचेअर, मोटरच्या तीनचाकी सायकली आणि इतर सहायक साधने यावीत. सरकारी योजनेतून अशी साधने खरेदी करताना वायरिंगचा आराखडा, दोषसंकेतांचे अर्थ आणि ठरावीक वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी निविदेतच लिहून घ्यावी. मॉडेल बंद झाले की त्याचे आराखडे खुले व्हावेत, मग ती मोटार असो वा खुर्ची. आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना जिल्हा रुग्णालयाच्या कार्यशाळेत काही महिने बसवावे. मीटर कुठे लावायचा हे ती वर्गात शिकतात. आधी काय विचारायचे हे त्यांना आमच्या वॉर्डात शिकता येईल.